अरेका पाम पिवळा पडतोय? निदान कसं करता? – अनुभव धागा

घरातला अरेका पाम पिवळा दिसायला लागला की बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात: पाणी वाढतं, नाहीतर खत पडतं. दोन्हींनी बहुधा बिघडतंच. कुठलं पान, पानाचा कुठला भाग, कुठल्या क्रमाने, हे बघून तुम्ही कारण कसं ओळखता ते लिहा. प्रमाणासकट लिहा, 'थोडंसं' नको.

—

सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं होतंय आणि वर नवा पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) उलगडतोय, तर काहीही करू नका. ते पान म्हातारं झालंय, इतकंच. देठ पिवळसर असणं हा या जातीचा रंगच आहे, त्यावरूनही घाबरू नका. खालची तीन-चार पानं एकदम गेली तर मात्र मातीत दोन इंच बोट घालून बघा. ओलं लागलं तर पाणी बंद.

—

वरच्यात भर. माती ओली आणि तरी पानं मलूल, म्हणजे मुळं गेली. गड्डा (मुळांसकट मातीचा गोळा) बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते, आत दोऱ्यासारखा गाभा उरतो आणि कुबट वास येतो. नर्सरीच्या पिशवीतला चिकट लाल मातीचा गोळा हे नेहमीचं कारण: बाहेरून कोरडा, आत चिखल.

कुजलेली मुळं कापा, पण गोळा पूर्ण फोडू नका आणि एकत्र लावलेली रोपं सुटी करायला जाऊ नका. पामला मुळांशी केलेली छेडछाड सोसत नाही. २ भाग माती, २ भाग कोकोपीट, १ भाग जाडी वाळू किंवा परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), १ भाग गांडूळखत. नवी कुंडी गड्ड्यापेक्षा दोनच इंच मोठी, खोड आधीइतकंच खोल. पुढे दीड महिना खत नाही.

—

आणि शोभेची बाहेरची कुंडी! तिला भोक नसतं. आतली कुंडी उचलून तळाशी पाणी साचलंय का बघा. पावसाळ्यात हमखास सापडतं.

—

मुळं ठीक असतील तर मग अन्नद्रव्यं. जुन्या पानांवर बारीक पिवळे-नारिंगी ठिपके आणि टोकं करपलेली: पालाश (पोटॅशियम) कमी. जुन्या पानाच्या कडा रुंद पिवळ्या, मधला भाग हिरवा: मॅग्नेशियम. नवं पानच फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या: लोह.

पालाशसाठी ०:०:५० (फक्त पालाश असलेलं विद्राव्य खत), लिटरला २ ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी मातीत. मॅग्नेशियमला एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), लिटरला ५ ग्रॅम, महिन्यातून एकदा. लोहाची कमतरता मात्र बरेचदा मातीत लोह नसल्यामुळे नसते. सतत ओली माती किंवा खोड खोल पुरलेलं असतं, मुळं लोह घेऊ शकत नाहीत. ते न सुधारता चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारणं म्हणजे तात्पुरती रंगरंगोटी. केळीच्या सालींच्या पाण्यात पालाश असतं, पण किती ते कळत नाही. चिलटं मात्र नक्की होतात.

—

पाण्याचंही बघा. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची पद्धत पडली आहे. त्यात मूळ पाण्यातले क्षार दाट होऊन येतात. बोअरच्या पाण्याचीही तीच गत. टोकं तपकिरी, त्यामागे पिवळा पट्टा, कुंडीच्या काठावर पांढरा थर, अशी लक्षणं दिसली तर थर खरवडून कुंडी मोरीत न्या आणि कुंडीच्या चौपट गोडं पाणी सावकाश आरपार जाऊ द्या. पावसाचं पाणी मिळालं तर उत्तमच.

—

एसीच्या खोलीत असेल तर लाल कोळी (पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड) आधी तपासा. पान धुळकट, बारीक पिवळ्या टिंबांनी भरलेलं दिसतं. पानाखाली पांढरा कागद धरून झटका. ठिपके चालायला लागले की निदान पक्कं. आधी पानांची खालची बाजू नळाच्या धारेने धुवा. मग नीमतेल ५ मिली आणि लिक्विड सोपचे ४-५ थेंब एक लिटर पाण्यात, संध्याकाळी, सात दिवसांच्या अंतराने तीनदा. एकदाच फवारून थांबलात तर अंड्यांतून पुढची पिढी येते.

—

अर्धवट पिवळी पानं कापायची का? पालाशची कमतरता असेल तर नाही. झाड जुन्या पानातलं पालाश काढून नव्याला देतं. ते कापलंत तर वरचं पान पिवळं पडायला लागतं. पूर्ण वाळलं की देठाशी कापा, खोडाचा शेंडा सोडून. पोंगा छाटला गेला तर ते खोड पुन्हा फुटत नाही.