१.५ टीएसआयचा रिमॅप: ड्राय क्लच डीएसजीला टॉर्क किती झेपेल?

कोथरूडचा_प्रवासी
नमस्कार. माझ्याकडे १.५ लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन आणि सात गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलेली फोक्सवॅगन व्हर्टस आहे. रोजचा प्रवास कोथरूड ते हिंजवडी असल्याने बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जातो. सुटीच्या दिवशी ताम्हिणी किंवा महाबळेश्वर होते. कंपनीच्या आकड्यांनुसार गाडी १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. एका ट्यूनरने ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) मॅप, म्हणजे त्यातील सेटिंग्ज, बदलून (रिमॅप करून) टॉर्क ३०० च्या पुढे नेता येईल, काम तासाभराचे आहे, असे सांगितले. वॉरंटी संपलेली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सला अपाय न होता हे करता येते का, आणि ट्यूनरला नेमके काय विचारावे?

पाना_तेरा
इंजिनापेक्षा मला गिअरबॉक्सची काळजी अधिक वाटते. आपल्या गाडीतील डीक्यू२०० हा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स असून त्याची टॉर्कमर्यादा २५० न्यूटन मीटर आहे, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाच ती पुरती वापरलेली आहे.

हल्लीच्या ईसीयूचा सगळा हिशेब टॉर्कचा असतो. पेडल दाबल्यावर किती टॉर्क हवा हे आधी ठरते, त्यावरून बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), इंधन आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) ठरते, आणि इंजिन किती टॉर्क देत आहे याचा अंदाज गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला कळवला जातो. क्लच किती जोराने धरायचा हे तो कंट्रोलर त्याच अंदाजावरून ठरवतो. काही ट्यूनर मर्यादा आड येऊ नये म्हणून हा आकडाच कमी दाखवतात. मग इंजिन ३०० देत असताना क्लच २५० च्या हिशेबाने धरला जातो, घसरतो आणि तापतो; चांदणी चौकाच्या रांगेत तर तो आधीच तापलेला असतो. त्यामुळे ट्यूनरला पहिला प्रश्न हाच विचारावा की कळवला जाणारा टॉर्क खरा राहणार आहे का. उत्तर देताना ते अडखळले, तर गाडी घेऊन परत यावे.

माझ्या मते टॉर्क २५० वरच ठेवावा, फक्त वरच्या आरपीएमला तो लवकर उतरू देऊ नये. मूळ मॅपमध्ये ३,५०० नंतर टॉर्क उतरू लागतो. तोच ५,००० आरपीएमपर्यंत टिकवता आला तर गणिताने सुमारे १७८ पीएस होतात. टर्बो आणि इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणारा भाग) तेवढी हवा खरोखर पुरवता येते का, हे मात्र डायनोवरच (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) कळेल. कमी आरपीएमला पाठीत बसणारा धक्का यात मिळणार नाही, हे खरे.

घाटमाथा
वरील मताशी सहमत आहे. इंजिनाच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर १,३५० च्या आसपास. मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) २ बार निरपेक्ष दाब हवा असेल तर टर्बोला पुण्यात हवा सुमारे २.१ पट दाबावी लागते, महाबळेश्वरला २.३ पट. टर्बो अधिक वेगाने फिरतो, हवा अधिक तापते आणि नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांचा) धोका वाढतो. म्हणून थंड सकाळी डायनोवर चांगला दिसलेला मॅप मे महिन्याच्या दुपारी घाट चढताना तसाच वागेल, असे गृहीत धरू नये.

दुसरे म्हणजे, थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला जास्त भार पडल्यास ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि त्यात पिस्टन फुटू शकतो. २,५०० आरपीएमच्या खाली बूस्ट वाढवू देऊ नये. ऑइल गाडीच्या उत्पादकाच्या मंजुरीचे तर असावेच, शिवाय एपीआय एसपी (अशा अवेळी पेटण्याला आळा घालणाऱ्या) दर्जाचे आहे का तेही पाहावे.

कागदपत्रे_तपासा
वॉरंटी संपली तरी विमा आणि कायदा राहतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर बंधने आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकालाही शिक्षेची तरतूद आहे. विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कोथरूडचा_प्रवासी
आभारी आहे. टॉर्क २५० वर ठेवायचा असे ठरवले, तर प्रत्यक्ष काम कोणत्या क्रमाने व्हावे?

पाना_तेरा
प्रथम मूळ मॅपवरच डायनो आणि लॉगिंग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) करून घ्यावे: मागितलेला व मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचे तापमान, लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण), इंधन रेलचा दाब आणि नॉकिंग टाळण्यासाठी प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग किती मागे ओढले जाते ते. एखाद्याच सिलिंडरचे टायमिंग सतत चार-पाच अंश मागे जात असेल, तर प्लग, कॉइल आणि इंधन तपासल्याशिवाय मॅपला हात लावू नये. मूळ फाइलची प्रत आपल्याकडे घ्यावी. नवी फाइल ईसीयूत लिहिताना बॅटरीला चार्जर जोडलेला असावा, कारण मध्येच व्होल्टेज पडल्यास ईसीयू बंद पडू शकतो. नंतर एका वेळी एकच बदल करावा आणि दर बदलानंतर तेच लॉग पुन्हा काढावेत. नॉक सेन्सरची किंवा तापमानाची कोणतीही संरक्षक मर्यादा काढू देऊ नये. रोज जे पेट्रोल भरणार, त्याच पेट्रोलवर ट्यूनिंग व्हावे. १०० ऑक्टेनवर बसवलेला मॅप घेऊन साध्या पंपावर जाणे धोक्याचे आहे. एवढे सगळे तासाभरात होत नाही.