गरम झाल्यावर ठिणगी जाते? आधी कंडेन्सर बघा
तुमची जुनी येझदी मोटरसायकल सकाळी एका किकमध्ये उठते, पण वांद्र्याहून लालबागला पोचेपर्यंत बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते, आणि प्लग दोनदा बदलूनही फरक नाही, असं म्हणताय. मग कार्बोरेटर खोलू नका. आधी कंडेन्सर बघा, म्हणजे पॉइंटला जोडलेला छोटा विजेचा डबा, जो पॉइंटमध्ये ठिणगी उडू देत नाही. माझ्या गाडीने अगदी हेच केलं होतं.

बंद पडेल तिथेच तपासा, थंड झाल्यावर काहीच सापडणार नाही. प्लग काढून त्याच्या वायरच्या कॅपमध्ये घाला, त्याचं धातूचं अंग सिलिंडरच्या फिन्सना टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरा हं, पेट्रोलची वाफ पेटते. ठिणगी निळी, चटचट वाजणारी हवी. पिवळी, बारीक असेल तर पॉइंटचं (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या धातूच्या दोन टोकांचं) झाकण काढा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. पॉइंटमध्येच मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेला. माझ्या पॉइंटला एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ आलं होतं.

पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा, मग कोरा कागद ओढा. मुंबईच्या पावसाळ्यात उभ्या गाडीला हे लागतंच. पॉइंट पूर्ण उघडल्यावर दोन टोकांमधली गॅप ०.४ मिमी ठेवा. नवे कंडेन्सर दोन घ्या, माझा पहिला आठवडाभरात गेला. तरीही गाडी बंद पडली तर कॉइल बघा, म्हणजे प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी तारेची गुंडाळी.