पेठेतून एमआयडीसी, बॅटरीच्या सायकलवर: शहाणपणा की हौस?

मंगळवारपेठी
गेल्या आठवड्यात कारखान्यात, आमच्या मशीन शॉपमध्ये चहाच्या वेळी हा विषय निघाला आणि चहा गार होईस्तोवर भांडण झालं. तिथं माझं कुणी ऐकून घेतलं नाही, म्हणून इथं टाकतोय.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो, काम गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. रस्ता राजारामपुरी, सायबर चौक, विद्यापीठ, शाहू नाका (जकात गेली, टोल गेला, नाका नावाला राहिला), उजळाईवाडी. एका बाजूनं साधारण दहा किलोमीटर. तेरा महिन्यांपूर्वी ३४,००० रुपये घालून पेडलवाली इलेक्ट्रिक सायकल घेतली. २५० वॅटची मोटर मागच्या चाकात, बॅटरी ३६ व्होल्ट १० एएचची (अँपिअर-तास). आजपर्यंत ३,६०० किलोमीटर झालेत.

माझं म्हणणं असं की ज्याची नोकरी दहा-बारा किलोमीटरच्या आत आहे, त्यानं इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये जाण्याआधी ही सायकल बघावी. कारण पेठेत राहणाऱ्याचा खरा प्रश्न गाडीचा नाही, प्लगचा आहे. स्कूटर मीही बघितली होती. मालक म्हणाले, "खालचं मीटर माझ्या नावावर आहे." मग तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायची, ती शेजारच्यांच्या गॅलरीवरून जाणार, त्यावर त्यांची कापडं वाळणार. सायकलची बॅटरी किल्ली फिरवली की निघते. अडीच किलोची वस्तू. एका हातात जेवणाचा डबा, एका हातात ही, चाललो वर.

बाकी लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. सायबरच्या चढाला शर्ट भिजत नाही. येताना उतारच आहे.

---

तालमीतला
भावा, राग मानू नको, पण मोटर लावून सायकल मारायची म्हणजे वस्तादानं उचललेल्या वजनाला खालनं बोट लावायचं आणि म्हणायचं मी उचललं. आमचं आजोबा शाहू मिलला होतं. भोंगा झाला की साध्या सायकलवर टांग. पंचवीस वर्षं. त्यास्नी कुठं मोटर लागली?

---

मंगळवारपेठी
आजोबांना नमस्कार सांगा. पण शाहू मिल कोटीतीर्थाजवळ. पेठेतनं दहा मिनिटं. सायबरचा चढ त्यांच्या वाटेत येतच नव्हता!

आणि व्यायाम केला असं मी कुठं म्हटलंय? मी कामाला गेलो असं म्हटलंय. आठ तास मशिनवर उभं राहायचं असतं, त्याच्याआधी घाम काढून काय करू?

---

सुतारवाडा
मी दुसऱ्याच कारणानं सायकलच्या बाजूनं. आमच्याकडं पावसाळ्यात पेपरमध्ये आधी बातमी नाही, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला माझी मोपेड पुराच्या पाण्यात गेली. इंजिन खोलून पुसून घेतली, दोन वर्षं बरी चालली, २०२१ ला परत गेली. आता घरात जी गाडी येईल ती दोघांना जिन्यानं वर नेता आली पाहिजे, एवढीच माझी अट. सायकल नेता येते. शंभर किलोची स्कूटर कोण नेणार?

---

वायरमन
दोन्ही बाजू अर्ध्याच सांगतायत. धंदाच हा आहे, म्हणून लिहितो.

आधी चांगलं. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-तास, युनिटच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडं जास्त. चार्जरमध्ये वाया जाते ती वीज धरली तरी अर्ध्या युनिटाच्या आत बॅटरी फुल्ल. स्कूटरला त्याच्या कितीतरी पट लागते, कारण ती शंभर किलो स्वतःचंच वजन ओढत असते. इथं निम्मं काम पाय करतात.

आता वाईट. मागच्या चाकात मोटर असली की तिला गिअर मिळत नाही. चढावर वेग पडला की मोटर जास्त करंट ओढते आणि ती वीज पळण्याऐवजी तापण्यात जाते. सायबरच्या चढाला लोक पाय थांबवून नुसता थ्रॉटल पिळतात आणि मग कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारं सर्किट) गेला म्हणून येतात. चढ सुरू व्हायच्या आधी हलका गिअर टाकायचा, पाय चालू ठेवायचे.

दुसरं. काही जण वेगाचं लॉक काढून ३५-४० नं पळवतात. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे तोवर ती सायकल. लॉक काढलं की कायद्यानं ती मोटार वाहन, मग लायसन, पासिंग, इन्शुरन्स सगळं आलं. धडक झाली तर पहिला प्रश्न तोच विचारतील.

तिसरं, आणि इथं मंगळवारपेठींशी माझं भांडण आहे. बॅटरी वर नेता येते हा फायदा म्हणून सांगितलाय. पेठेतली निम्मी घरं जुनी, जिना लाकडी, बाहेर पडायला वाट एकच. लोक बॅटरी कुठं लावतात? दारामागच्या प्लगला, चपलांच्या स्टँडशेजारी, आणि झोपतात. स्कूटरच्या बॅटरीला २०२२-२३ पासून एआयएस-१५६ चे, म्हणजे बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झालेत. नोंदणी न लागणाऱ्या सायकलला आरटीओची ती चाळणीच नाही. लोकल पॅक स्वस्त म्हणून घेतला आणि आत काय भरलंय कुणी बघितलं नाही, तर पेटल्यावर बाहेर पडायची वाटच बंद. जागे असताना चार्ज करा, फरशीवर ठेवून करा, दारापासून लांब. आल्या आल्या गरम बॅटरी लावू नका, अर्धा तास जाऊ द्या.

---

मंगळवारपेठी
दारामागंच लावत होतो. आज जागा बदलतो.

---

शाळेतल्या बाई
मी वापरली आणि विकली, म्हणून लिहिते. मोटरबद्दल तक्रार नाही, गाडी छान होती. पण सकाळी मला मुलाला बालवाडीत सोडून पुढं शाळेत जायचं असतं. मागच्या कॅरिअरवर चार वर्षांचं पोर, हँडलला वह्यांची पिशवी, अंगावर साडी. एकदा पदर साखळीत गेला. पडले नाही, पण तिथंच ठरवलं.

इथं सगळे हिशेब एकट्या माणसाचे चाललेत, लक्षात येतंय का? घर ते कारखाना, कारखाना ते घर. बायकांचा रस्ता असा सरळ नसतो. शाळा, दळण, भाजी, सासऱ्यांच्या गोळ्या, मग घर. मला स्कूटरच लागते. ती इलेक्ट्रिक असेल तर उत्तम, आमच्या सोसायटीत प्लग आहे. पण "आधी सायकल बघा" हा सल्ला सगळ्यांना देऊ नका.

आणि सर्व्हिसचं कुणीच लिहिलं नाही. कंट्रोलर गेला तेव्हा पार्ट यायला पाच आठवडे लागले. कंपनीचं नाव घेत नाही. साध्या सायकलवाल्यानं हात लावायला नकार दिला, गॅरेजवाला म्हणाला ही आमची नाही.

---

हिशेबनीस
मला भावनांशी देणं-घेणं नाही, आकड्यांशी आहे. धागाकर्ते म्हणतात १३ महिन्यांत ३,६०० किलोमीटर. म्हणजे महिन्याला पावणेतीनशे. रोज येऊन-जाऊन वीस, महिन्याचे २५ दिवस, तर ५०० व्हायला पाहिजेत. उरलेले सव्वादोनशे कुठं गेले?

ते असो. पावणेतीनशे किलोमीटरला मोपेडला ४५ च्या अ‍ॅव्हरेजनं सहा लिटर पेट्रोल लागतं. १०५ नं धरा, साडेसहाशे रुपये झाले. विजेचे पन्नास वजा करा. सहाशे वाचले. ३४,००० भागिले ६०० म्हणजे ५७ महिने, जवळपास पाच वर्षं. त्याच्या आत बॅटरी बदलायची वेळ येणार, ते दहा-बारा हजार वेगळे. आणि मोपेड विकलेली नाही असा माझा अंदाज आहे. म्हणजे तिचा इन्शुरन्स चालूच.

---

मंगळवारपेठी
अंदाज बरोबर आहे. मोपेड आहे.

पैशाचा हिशेब मी मांडलाच नव्हता, कारण तो बसत नाही हे मला चौथ्या महिन्यातच कळलं. उरलेल्या किलोमीटरचं सांगतो. जुलै आणि निम्मा ऑगस्ट सायकल बंद. पाऊस अंगावर घ्यायला हरकत नाही, पण साचलेल्या पाण्याखाली खड्डा किती खोल ते चाक आत गेल्यावर कळतं. बाकीच्याचं...

---

रात्रपाळी
बाकीच्याचं मी सांगतो, मी पण त्याच रस्त्याला असतोय. फौंड्रीत काम, दुसरी पाळी सुटती रात्री अकराला. ऊस सुरू झाला की हायवेला काय चालू असतंय ते दिवसा जाणाऱ्यास्नी ठाव न्हाई. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूला हातभर बाहेर आलेला, मागं लाईट न्हाई, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं भरलेला. आणि टेप असला दणक्यात की तुमची घंटी तुमालाच ऐकू येत न्हाई. मोटरसायकलवाला पटकन पुढं निघून जातोय. पंचवीसच्या स्पीडनं तुमी त्याच्या शेजारीच. धड मागं न्हाई, धड पुढं न्हाई. वरनं ऊस निसटला तर?

मी दोन रात्री गेलो मेव्हण्याची सायकल घेऊन. तिसऱ्या रात्री बायकोनं किल्ली लपवली.

---

मंगळवारपेठी
हेच लिहीत होतो. नोव्हेंबर ते मार्च दुसरी पाळी असली की मी मोपेडनंच जातो. पहिल्या पाळीला सायकल. वर लिहायला हवं होतं, चुकलं.

---

हिशेबनीस
म्हणजे पाऊस दीड महिना बाद, उसाच्या पाच महिन्यांत निम्मे दिवस बाद. वर्षातले आठ महिने चालणाऱ्या वस्तूचं नाव "रोजची गाडी" कसं?

---

सुतारवाडा
साहेब, आमचं घर पण वर्षातले अकराच महिने चालतं. सोडून जाऊ का?

---

शाळेतल्या बाई
😂 पण रात्रपाळींचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. हायवेच्या कडेला सायकलला जागा ठेवली असती तर हा धागाच निघाला नसता. एमआयडीसीत हजारो लोक रोज जातात, त्यातले कितीतरी जवळच्या गावातनं साध्या सायकलनं जातात. त्यांच्याकडं मोटर नाही, त्यांचा धागा पण नाही.

---

वायरमन
पावसाळ्यात बॅटरी फुल्ल करून कपाटात ठेवताय का? ठेवू नका. निम्मी भरून ठेवा, महिन्यानं एकदा बघा. फुल्ल ठेवली की लवकर म्हातारी होते, रिकामी ठेवली तर कधी कधी उठतच नाही.

---

मंगळवारपेठी
फुल्लच ठेवली होती. 🙏

तरी एक सांगतो, हिशेबनीस साहेबांच्या वहीत बसणार नाही. मोपेडवर होतो तेव्हा घरातनं निघालो आणि शॉपला पोचलो, एवढंच आठवायचं. आता विद्यापीठापाशी सकाळी सातला मोर ओरडतात ते ऐकू येतं. येताना राजारामपुरीत ओळखीचं कुणी दिसलं तर पाय टेकून बोलतो. गाडी स्टँडला लावा, किल्ली काढा असलं काही नाही. ३४ हजारात एवढं मिळालं, मला महाग वाटत नाही. पटत नसेल तर सोडा.

---

तालमीतला
मोराचं ठीक हाय. पर एक विचारू? विकणार असशील तर आधी मला सांग. माझ्यासाठी न्हवं. दाजींचा गुडघा धरलाय, डॉक्टर म्हणालं सायकल मारा, आणि त्यांचं घर हाय सागरमाळच्या चढाला.

---

मंगळवारपेठी
विकायची नाही. रविवारी सकाळी दाजींना रंकाळ्यावर घेऊन या, एक चक्कर मारू दे. तुम्ही पण मारा.

---

तालमीतला
येतो. मी मोटर बंद करून मारणार.