जुन्या कौलारू घराचा विमा, हप्ता एवढा असतो का?

चिपळूणला वाशिष्ठीच्या जवळ आजोबांनी १९६४ साली बांधलेलं घर आहे, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, सध्या आई एकटीच राहते तिथे. २०२१ च्या जुलैत पाणी माळ्याच्या फळीला टेकलं होतं, आईचं शिलाई मशीन आणि भाताची कणगी दोन्ही गेलं, विमा नव्हता. आता काढायला गेलो तर एजंट ७० लाखांची पॉलिसी सांगतोय, वर्षाला सव्वासहा हजार, म्हणे घर जुनं आणि नदीकाठी. हप्ता कमी करायचाय पण पूर वगळून नकोय.

उत्तर १
७० लाख जमिनीसकट धरलेत बहुतेक. विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नाही. "भारत गृह रक्षा" पॉलिसी मागा, १ एप्रिल २०२१ पासून आहे, आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ठरवून दिलेली, त्यात पूर, वादळ, भूकंप आधीच धरलेत. रक्कम काढायची ती कार्पेट एरिया (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) गुणिले आज बांधायचा दर स्क्वेअर फुटाचा खर्च. समजा ९०० स्क्वेअर फूट आणि १८०० रुपये दर, झाले १६ लाख २० हजार. सामानासाठी त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप मिळतं, यादी द्यावी लागत नाही.

उत्तर २
वरचं बरोबर आहे, पण घर अजून आजोबांच्याच नावावर असेल तर आधी वारसनोंद करून घ्या, आमच्याकडे क्लेमच्या वेळी त्यातच चार महिने गेले आणि तोवर आम्ही भिंतीला ताडपत्री बांधून राहत होतो. मागची पडवी झावळ्यांची किंवा बांबूची असेल तर ते फॉर्मवर खरं लिहा, ते कच्चं बांधकाम धरतात. आणि कौल सरकून गळतंय, वासा कुजलाय, ह्याचे पैसे मिळत नाहीत, ती डागडुजी आपली आपणच पावसाआधी करायची. घराचे आतून-बाहेरून फोटो आजच काढून ठेवा, भिंती, वायरिंग, फ्रिज, सगळं.

मूळ प्रश्नकर्ता
घरपट्टी अजून आजोबांच्याच नावाने येते, हे लक्षातच आलं नव्हतं! सोमवारी नगरपालिकेत जातो. पडवीवर पत्रे आहेत, ते लिहीन. दर १८०० धरावा का? चिरा आणि साग दोन्ही महाग झालेत आता, आमच्या गवंड्याला विचारून मगच आकडा टाकतो.