साय-काय चॅप्टरमध्ये जायचंय, पण नुसतं मेंबर होऊन काही होतं का?

मीरा_सायक
नमस्कार सगळ्यांना. मी अमेरिकेत सायकॉलॉजी मेजर करतेय, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे, तिसरं सेमिस्टर नुकतंच संपलं. आमच्या डिपार्टमेंटच्या बोर्डवर साय-कायची नोटीस लागलीय, म्हणजे सायकॉलॉजीत चांगले मार्क असलेल्या विद्यार्थ्यांची जी ऑनर सोसायटी आहे ती, तिची कॉलेजातली शाखा म्हणजे चॅप्टर, फॉर्म भरायची मुदत पुढच्या महिन्यात आहे. माझा जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, ४ पैकी ३.४ आहे आणि नोटीसवर किमान ३.० लिहिलंय म्हणजे मी बसते असं मला वाटतंय. पण फी भरायची, एक समारंभ होणार, सर्टिफिकेट मिळणार, आणि पुढे? मला क्लिनिकलमध्ये पीएचडीला अप्लाय करायचंय म्हणून खरंच उपयोग होईल असं काहीतरी करायचंय. आणि मी बोलायला जरा बुजते, त्यामुळे निवडणूक वगैरे लढवून प्रेसिडेंट होणं माझ्याच्याने होणार नाही. अजून एक, मला परवा दुसऱ्याच एका ऑनर सोसायटीचं पत्र आलं, त्यांना आधी पैसे हवेत आणि आमच्या कॉलेजमध्ये त्यांचं नाव कोणालाच माहीत नाही. ते खरं असतं का? कोणी आत जाऊन काम केलेलं असेल तर प्लीज सांगा.

कट्ट्यावरचा_निखिल
मीरा, आधी पात्रतेचं नीट बघ, कारण नोटीसवर ३.० वाचून बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. अंडरग्रॅडला, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्यांना, एकूण आणि सायकॉलॉजीचा असे दोन्ही जीपीए किमान ३.० लागतात हे खरं, पण त्याशिवाय तू तुझ्या वर्गाच्या वरच्या ३५ टक्क्यांत असावी लागतेस. वर्ग म्हणजे सोफोमोर, ज्युनियर, सीनियर (दुसरं, तिसरं, चौथं वर्ष) यातला तुझा जो असेल तो, नुसती सायकॉलॉजीची मुलं नाहीत. म्हणजे तुमच्या कॉलेजमध्ये सगळ्यांचेच मार्क जास्त असतील तर कटऑफ ३.५ किंवा ३.६ वरही जाऊ शकतो आणि मग ३.४ ला थांबावं लागतं. हा आकडा चॅप्टरच्या फॅकल्टी अ‍ॅडव्हायजरकडे असतो, त्यांनाच विचार. बाकी तीन सेमिस्टर पूर्ण हवीत, ती तुझी झालीत, आणि सायकॉलॉजीचे ९ सेमिस्टर क्रेडिट हवेत, म्हणजे साधारण तीन कोर्स. कम्युनिटी कॉलेजवाल्या मुलांसाठी साय-बेटा म्हणून वेगळी सोसायटी आहे, त्यांनी तिकडे बघावं.
त्या दुसऱ्या पत्राचं सांगतो. घरी पत्र आलं, आधी पैसे भरा म्हणतात, आणि डिपार्टमेंटमध्ये एकाही प्राध्यापकाला माहिती नाही, तर पैसे भरू नकोस. कॅम्पसवर चॅप्टर आहे का, तिथला अ‍ॅडव्हायजर कोण, आणि ती असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीजमध्ये आहे का, एवढं तपासलं की कळतं. ही असोसिएशन १९२५ पासून आहे. साय-काय स्वतः १९२९ मध्ये येलला झालेल्या आंतरराष्ट्रीय सायकॉलॉजी काँग्रेसच्या वेळी सुरू झाली, आणि २००९ पासून अमेरिकेबाहेरच्या युनिव्हर्सिटींमध्येही चॅप्टर काढता येतात.

रेवा_ताई
मी आमच्या चॅप्टरची सेक्रेटरी होते आणि आता ग्रॅड स्कूलमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
मेंबर झाल्याने आपोआप काही होत नाही, हा तुझा संशय रास्त आहे. मेंबरशिप आयुष्यभराची असते, मुख्य फी एकदाच भरायची, काही चॅप्टर स्वतःची थोडी वर्गणी वेगळी घेतात, ती आधी विचारून घे. पण ती घेऊन बसलं की नुसती सीव्हीवरची एक ओळ होते. खरी गंमत चॅप्टरच्या कामात आहे, आणि त्यासाठी प्रेसिडेंट व्हायची काहीच गरज नाही. बहुतेक चॅप्टरमध्ये तीन-चार जणच सगळं ओढत असतात, त्यामुळे जो माणूस मीटिंगला वेळेवर येतो आणि 'हे मी करते' म्हणतो त्याला लगेच काम मिळतं. ग्रॅड स्कूलमधल्या मुलांना बोलावून एक प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम ठेवायचा, प्राध्यापकांना त्यांच्या लॅबबद्दल वीस मिनिटं बोलायला सांगायचं, कुणाला विद्यार्थी हवेत त्याची यादी करायची. यात तू सगळ्यांशी ईमेलवर बोलतेस, म्हणजे बुजरेपणा फार आडवा येत नाही, आणि प्राध्यापक तुला नावानिशी ओळखायला लागतात. लॅबमध्ये जागा मिळायला हीच ओळख कामाला येते, मी हे माझ्या चॅप्टरमध्ये पुन्हा पुन्हा बघितलंय.
दुसरं म्हणजे कॉन्फरन्स. अमेरिकेत ईस्टर्न, साउथईस्टर्न, मिडवेस्टर्न, साउथवेस्टर्न, रॉकी माउंटन आणि वेस्टर्न अशा प्रादेशिक सायकॉलॉजिकल असोसिएशन आहेत, त्यांची अधिवेशनं साधारण स्प्रिंगमध्ये, म्हणजे वसंतात होतात आणि त्यात साय-कायचे विद्यार्थ्यांसाठी खास कार्यक्रम असतात. तिथे अंडरग्रॅडचा पोस्टर, म्हणजे आपलं संशोधन एका मोठ्या कागदावर मांडलेलं, अगदी सहज चालतो. पण अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (त्याचा थोडक्यात गोषवारा) कित्येक महिने आधी द्यायचा असतो, म्हणजे बऱ्याचदा आधीच्या फॉल सेमिस्टरमध्येच, डिसेंबरच्या आत, त्यामुळे जानेवारीत ठरवून उपयोग नाही. पोस्टरसमोर उभं राहून दहा अनोळखी लोकांना तेच तेच समजावून सांगितलं की बोलायची भीती बरीच जाते गं, पहिल्या तासात घाम फुटतो तेवढाच.

विवेक_पी
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. पीएचडीच्या प्रवेश समितीसाठी ऑनर सोसायटीचं वजन फार कमी असतं. क्लिनिकलला तर संशोधनाचा अनुभव, तुझ्या आवडीचा विषय तिथल्या प्राध्यापकाच्या कामाशी जुळतो का, आणि शिफारसपत्रं, हेच बघितलं जातं. एखाद्या लॅबमध्ये आठवड्याला काही तास काढून डेटा कोडिंग, म्हणजे गोळा केलेल्या माहितीची वर्गवारी केली, स्टडीत भाग घेणाऱ्या लोकांकडून प्रयोग करून घेतला, तर ते चॅप्टरच्या दहा पिझ्झा मीटिंगपेक्षा जास्त मोलाचं. रेवा म्हणते ते चुकीचं नाही, पण ते लॅबपर्यंत पोचायचा रस्ता म्हणून ठीक आहे. वेळ कमी असेल तर आधी लॅब, मग सोसायटी.

रेवा_ताई
विवेक, लॅब आधी हे मलाही मान्य आहे. फक्त एक, सगळ्यांना पहिल्याच ईमेलवर लॅब मिळत नाही आणि लहान कॉलेजात तर लॅबच दोन-तीन असतात, तिथे चॅप्टर फार मदत करतं. शिवाय मेंबरना संशोधनासाठी साय-कायच्या ग्रँट आणि अवॉर्डसाठी अर्ज करता येतो, त्यांचं स्वतःचं संशोधनाचं जर्नल आहे, आणि नाइस नावाचं एक नेटवर्क आहे ज्यात वेगवेगळ्या देशांतले विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून एकच स्टडी करतात आणि डेटा गोळा करतात. स्वतःची लॅब नसलेल्या मुलीला यातून खऱ्या डेटावर काम करायला मिळतं, हे मला फार मोठं वाटतं.

मीरा_सायक
किती छान सांगितलंत सगळ्यांनी, खूप आभार. ३५ टक्क्यांचं माहीतच नव्हतं. समजा त्यात नाही बसले तर? आणि मला कोणीतरी सांगितलं की मेंबर असलं की सरकारी नोकरीत वरची श्रेणी मिळते, ते काय आहे? आणि ऑफिसर झालं तर व्हिसाची काही अडचण?

कट्ट्यावरचा_निखिल
अमेरिकेच्या फेडरल नोकऱ्यांत जीएस-७ या पगार-श्रेणीसाठी 'सुपीरियर अ‍ॅकॅडमिक अचीव्हमेंट' ही एक पात्रता आहे आणि मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑनर सोसायटीची मेंबरशिप त्यात धरली जाते. पण त्या नोकऱ्या जवळपास सगळ्या अमेरिकन नागरिकांसाठी असतात, त्यामुळे तू त्या कारणासाठी फी भरू नकोस. ऑफिसरचं काम पगाराचं नसतं, विद्यार्थी संघटनेतलं पद असतं, त्यामुळे ते नोकरीत धरलं जात नाही. कुठे स्टायपेंड वगैरे असेल तर मात्र इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस.
नाही बसलीस तर सायकॉलॉजी क्लबमध्ये जा. बऱ्याच कॅम्पसवर क्लब आणि साय-काय एकत्रच कार्यक्रम करतात आणि क्लबला सहसा जीपीएची अट नसते, म्हणजे रेवा म्हणतेय ती सगळी कामं तिथूनही करता येतात. मार्क वाढले की पुढच्या सेमिस्टरला परत अर्ज कर.

रेवा_ताई
बरोबर. मीरा, अ‍ॅडव्हायजरना ईमेल करताना अनऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट (मार्कांची साधी यादी) जोड आणि एकाच मेलमध्ये दोन गोष्टी विचार, तुमच्याकडचा यंदाचा ३५ टक्क्यांचा कटऑफ किती आहे, आणि या स्प्रिंगला चॅप्टरला कुठल्या कामासाठी माणूस हवाय. दुसरा प्रश्न विचारणारे फार कमी असतात, म्हणून तो नक्की विचार.

मीरा_सायक
आजच लिहिते ताई. उत्तर आलं की इथे टाकते, आमच्याकडचा कटऑफ कळला तर बाकीच्यांनाही अंदाज येईल.