इथिओपियाचं परराष्ट्र धोरण ठरवतं कोण: जलखातं की पंतप्रधान?

घोंगडीवाला:
आफ्रिकेतल्या देशांचं परराष्ट्र धोरण म्हटलं की आपण लगेच चीन-अमेरिकेकडे बघतो. त्या देशांच्या स्वतःच्या खात्यांकडे बघायला कुणाला सवड नसते. इथिओपियाच्या नाईलवरच्या रेनेसान्स धरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून इजिप्तशी बोलणी करायला परराष्ट्रमंत्र्यांच्या शेजारी इथिओपियाचा जलमंत्री बसत आलाय. जलाशय किती वर्षांत भरायचा, दुष्काळात खाली इजिप्तकडे किती पाणी सोडायचं, यातलं परराष्ट्र खात्याच्या साहेबांना काय कळणार? जलमंत्री सेलेशी बेकेले पुढे वॉशिंग्टनला राजदूत झाले. माझ्या मते तिथलं खरं परराष्ट्र खातं म्हणजे जलखातंच.

खडूस काका:
कारकुनाला मालक समजताय तुम्ही. जून २०१८, कैरो. अबी अहमद पंतप्रधान होऊन जेमतेम दोन महिने झालेले. पत्रकारांसमोर इजिप्तचे अध्यक्ष सिसींनी त्यांना शपथच घ्यायला लावली. इजिप्तच्या पाण्याला धक्का लावणार नाही, वल्लाही! सिसी अरबीत सांगताहेत, अबी मागोमाग म्हणताहेत. तिथे जलखातं कुठे होतं?
आणि १ जानेवारी २०२४ चा सोमालियातून फुटून निघालेल्या सोमालीलँडबरोबरचा सामंजस्य करार? समुद्रापर्यंत वाट हवी म्हणून. सही खुद्द अबींची. दुसऱ्याच दिवशी सोमालियाने आपला राजदूत माघारी बोलावला.

घोंगडीवाला:
शपथ झाली, पुढे काय? घासाघीस आकड्यांवरच झाली ना! फेब्रुवारी २०२० मध्ये धरणावरच्या वॉशिंग्टनच्या शेवटच्या बैठकीला इथिओपिया गेलाच नाही आणि त्याच पावसाळ्यात पाणी अडवायला लागला. शपथ गेली वाहून.

खडूस काका:
बैठकीला जायचं नाही हे जलखात्यातल्या इंजिनिअरांनी ठरवलं? काहीतरीच.

चिल्लरखुर्दा:
तुम्ही दोघेही तिजोरी विसरलात. डिसेंबर २०२३ मध्ये इथिओपियाने १०० कोटी डॉलरच्या रोख्यांवरचं ३.३ कोटींचं व्याज थकवलं. जुलै २०२४ मध्ये आपल्या बिर या चलनाचा दर बाजारावर सोडला, तेव्हा कुठे नाणेनिधीचं ३४० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. सावकारांपुढे बसतं ते अर्थखातं. ते जे कबूल करून येतं, त्याबाहेर परराष्ट्र खातं भाषणं सोडून काय करणार?
उलट धरणाचं बघा. पैसा मुख्यतः देशातच उभा केला, लोकांना रोखे विकून, सरकारी नोकरांच्या पगारातून. बाहेरचा सावकार असता तर इजिप्तने त्याच्याकरवी काम कधीच बंद पाडलं असतं.

खडूस काका:
हे पटलं. फक्त पैसा असा उभा करायचं ठरवलं तेव्हाचे पंतप्रधान मेलेस झेनावींनी. म्हणजे पुन्हा पंतप्रधानच.

घोंगडीवाला:
बरं, मग हे सांगा. २००२ चा परराष्ट्र आणि सुरक्षा धोरणाचा दस्तऐवज छापला कुठल्या खात्याने? माहिती खात्याने! त्यात आधी घरचं दारिद्र्य, मग शेजारीपाजारी. परराष्ट्र खात्याने बाकीच्या खात्यांसाठी बाजार आणि भांडवल शोधावं, हाच त्याचा सूर.

खडूस काका:
छपाई माहिती खात्याची असेल, डोकं मेलेसचंच होतं.