हिप्नोबर्थिंग: पैसे आणि वेळ घालवावा का?

पहिलटकरीण_३०आठवडे: हिप्नोबर्थिंगच्या (श्वास आणि स्वसंमोहनाने प्रसूतीची भीती व वेदना हाताळायचं तंत्र) क्लासची फी बरीच आहे. कळा खरंच कमी दुखतात का? एपिड्युरल (पाठीत सुईने देतात ती वेदना कमी करणारी भूल) टळतं का? आता सुरू केलं तर उशीर होईल का?

लेबररूम_सिस्टर: उशीर अजिबात नाही, पण रोज १५-२० मिनिटं सराव हवाच. नुसतं ऑडिओ ऐकून कळांच्या वेळी काही आठवत नाही गं.
नाकाने ४ मोजत श्वास आत, तोंडाने ८ मोजत बाहेर. कळ साधारण मिनिटभराची, म्हणजे असे पाचच श्वास. दातांवर दात आवळू नकोस, जबडा आणि खांदे सैल सोड. बायका इथेच चुकतात: घाबरून भराभर श्वास घेतात, मग बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. तसं झालं तर फक्त उच्छ्वास लांबव.

डॉक्टरताई: कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधन तपासून एकत्र मांडणारी संस्था. तिच्या २०१६च्या आढाव्यात प्रसूतीतल्या संमोहनावरच्या ९ चाचण्या, जवळपास ३,००० स्त्रिया होत्या. वेदनाशामकं एकूण थोडी कमी लागली असावीत, पण एपिड्युरलच्या प्रमाणात स्पष्ट फरक नाही. त्यामुळे 'वेदनारहित प्रसूती'ची हमी देणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. भीती कमी व्हावी म्हणून जरूर शिका. एपिड्युरल मागितलं म्हणजे सराव वाया गेला असं मुळीच नाही. सुई टोचताना स्थिर बसायलाही हाच श्वास कामी येतो.
रक्तस्राव, अंगावरून हिरवट पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांवर श्वसन हा उपाय नव्हे. लगेच दवाखाना गाठा.

लेबररूम_सिस्टर: आणि सोबत कोण थांबणार ते रुग्णालयात आधीच विचार. श्वास मोजून देणारं माणूस दाराबाहेर राहिलं तर अर्धी तयारी बाहेरच राहते.